शांतीचे स्वस्त सौदे

गेल्या हिवाळ्यात आमच्या येथील मराठी मंडळाने एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरांवर एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान योजिले होते. महाराष्ट्राबाहेर मराठी व्याख्यानाला चाळीस माणसे जमली तरी ती गर्दी समजावी, आणि त्या संध्याकाळी साठ तरी जमली होती. व्याख्याते अभ्यासू, वाणी मृदू, कोणाचा उपमर्द करण्याचा हेतू तर मुळीच नाही. परंतु त्यांचा निष्कर्ष ऐकून मी खुर्चीत चुळबुळू लागलो. पंडिता रमाबाई काय किंवा रेव्हरंड टिळक काय, ही थकलेली माणसे होती; आयुष्याच्या वादळात ज्यांची नाव फुटली त्यांनी समोर दिसले ते पहिले बंदर गाठले, आणि त्या बंदराला त्यांनी शांती हे नाव दिले, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी सहानुभूतीच्या स्वरात असेही सांगितले की, दुबळ्या मनाला आधार लागतोच, त्याबद्दल आपण कोणाला दोष देऊ नये. टाळ्या झाल्या. सभ्यता म्हणून मीही त्यांत भर घातली.

त्याच महिन्यात आमच्या वस्तीतील एका सभागृहात ख्रिस्ती प्रार्थनासभा होती. दारावर मोठा कापडी फलक: अशांत असाल तर या, आणि शांती घेऊन जा. उपदेशक दूरच्या गावाहून आलेले, आवाज खणखणीत, वाद्यवृंद त्याहून खणखणीत. विश्वास धरणाऱ्याच्या घरातील कलह मिटतो, कर्ज फिटते, आजार पळतो, रात्री झोप लागते, असे ते तासभर सांगत होते. येथेही टाळ्या झाल्या. येथे मात्र मी हात मांडीवरच ठेवले.

घरी परतताना माझ्या ध्यानात आले की, हे दोघे वक्ते एकमेकांना भेटले तर भांडतील, पण त्यांचे मूळ प्रमेय एकच आहे. ख्रिस्ती श्रद्धा ही वेदनेवरची मात्रा होय, हे दोघांनाही मान्य आहे. एक म्हणतो, ही मात्रा घेणारा रोगी असतो. दुसरा म्हणतो, मात्रा गुणकारी आहे, दोन घ्या. वैद्य आणि निंदक यांच्यात वाद आहे तो किमतीचा. माल कोणता याविषयी दोघेही निःशंक आहेत. माझा आक्षेप त्या मालालाच आहे.

प्रस्तुत लेखक जन्माने ख्रिस्ती आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातले (आता त्याला अहिल्यानगर म्हणायचे), आणि नोकरीच्या निमित्ताने वडील हैदराबादेत आले ते येथलेच झाले. म्हणून या वादात मी तटस्थ आहे असा आव आणणार नाही. पण वकिली करावयाची तर कागदपत्र पुढे ठेवून करावी, एवढे मला मान्य आहे.

पहिला कागद रमाबाईंचा. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला आईवडिलांनी संस्कृत शिकविले आणि तिला घेऊन तीर्थोतीर्थी पायी हिंडले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि ती अशी दोघेच चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये भाऊ वारला; त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला; १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेला. चोविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी कडेवर एक मूल आणि मागे इतकी माणसे पुरलेली वा जळलेली. व्याख्याते म्हणतात ते येथपर्यंत खरेच आहे: नाव फुटली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे तिने मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता बंदर गाठलेल्या माणसाने काय करावे? नांगर टाकावा, शिडे उतरवावीत, झोपावे. रमाबाईंनी काय केले? ज्या संन्यासिनींनी आश्रय दिला त्यांच्याशीच वाद आरंभिला. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटवून द्या, नाहीतर मी तो मानणार नाही, असे म्हटले. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा चर्चमधील वरिष्ठांचा आग्रह पडला तेव्हा तिने त्यांना सुनावले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान काढली आहे, ती दुसऱ्याच्या जोखडाखाली देण्यासाठी नव्हे, हा त्या काळातील तिच्या पत्रांचा सूर आहे. सिस्टर जेराल्डिन बिचाऱ्या थक्क झाल्या असतील. आश्रित म्हणून आलेली, परभाषेत बोलणारी, पदरी मूल असलेली सत्तावीस वर्षांची विधवा ही! थकलेल्या जिवाचा विसावा म्हणतात तो हाच काय?

आणि याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बाप्तिस्म्याने मला शांती मिळाली असे रमाबाई सांगतच नाहीत. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की, धर्म सापडला होता, त्याचा जो स्वामी तो सापडला नव्हता. आणि या अवस्थेत बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे गेली. ही आठ वर्षे म्हणजे अमेरिकेत हिंडून व्याख्याने दिली ती, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले ती, मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले ती. मनाला स्वस्थता नव्हती तरी काम चालू होते. आणि पुढे १८९१ च्या सुमारास ती स्वस्थता लाभली म्हणतात, तेव्हा काय झाले? काम थांबले नाही, उलट दसपट वाढले. १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनावर गहजब झाला, मुलींना बाटविले जाते असा ‘केसरी’चा आरोप, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली परत नेल्या. व्याख्यात्यांनी हा प्रसंग सांगितला, पण त्यातील एक प्रश्न सांगितला नाही. प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेतले असते तर सदन वाचले असते. शांतीची एवढीच हौस असेल तर दार लावून घेण्यासारखा सोपा उपाय नव्हता. तिने लावले नाही. ते योग्य केले की नाही यावर मतभेद होऊ शकतो. माझे स्वतःचे मत असे की, सदन निधर्मी राहील या वचनाशी हे उघडे दार पूर्णपणे जुळत नव्हते, आणि रानड्यांची अडचण खोटी नव्हती. पण पळपुट्या मनाचे हे लक्षण खासच नव्हे.

१८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आली. लहानपणी ज्या भुकेने तिचे घर खाल्ले त्याच भुकेच्या प्रदेशात ती आपल्या पायांनी परत गेली, हे ध्यानात घ्यावे. १८९७ मध्येच पुण्याच्या प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना चालली होती तिच्याविरुद्ध तिने ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती, वृत्तपत्र ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती. आणि सरकारने ते आरोप नाकारले. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या घरात माणसे होती. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांची शाळा. याच काळात ती हिब्रू आणि ग्रीक शिकली, कारण खेड्यातील बाईला समजेल अशा मराठीत तिला बायबल आणावयाचे होते. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतराचे काम पुरे झालेले होते.

ही जर गुंगीची मात्रा असेल तर ती आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीस थोडी थोडी पाजावी अशी माझी नम्र सूचना आहे.

येथे कोणी मार्क्सचे नाव काढील. काढावेच. १८४४ मधील त्याचे अफूचे वाक्य सर्वांना पाठ आहे. त्याच्या आधीचे वाक्य मात्र क्वचितच कोणी वाचलेले असते. धर्म हा पिळलेल्या जिवाचा सुस्कारा आहे, निर्दय जगातील हृदय आहे, अशा अर्थाचे काही त्याने तेथे म्हटले आहे. म्हणजे वेदना खरी आहे हे त्यास मान्य होते. त्याचा रोख असा की, सुस्कारा टाकून माणूस थांबतो. थांबणारे असतात, पुष्कळ असतात. आमच्या वस्तीतील सभागृह त्यांनी भरले होते. परंतु जो सुस्कारा टाकून थांबत नाही त्याचे काय करावयाचे, याची सोय त्या वाक्यात नाही.

माझ्या मते घोटाळ्याचे निम्मे मूळ आपल्या भाषेत आहे. आपला ‘शांत’ हा शब्द पाहा. विस्तव शांत होतो म्हणजे विझतो. दिवा शांत होतो. पोर शांत झाले म्हणजे झोपले, आणि आजोबा शांत झाले म्हणजे गेले. ग्रहांची शांत करतात ती त्यांचा कोप निवावा म्हणून. सर्वत्र अर्थ एकच: जे धगधगत होते ते थंड पडले. हिब्रूत जो शब्द आहे, शालोम, त्याची जात निराळी आहे. पूर्ण असणे, अभंग असणे हा त्याचा गाभा. आणि देणे फेडणे, नुकसान भरून देणे या अर्थाचे क्रियापद त्याच धातूपासून निघते. तेव्हा बुडविलेले कर्ज फिटल्यावाचून शालोम नाही; विधवेचे शेत ज्याने लाटले त्याने ते परत केल्यावाचून शालोम नाही. यिर्मया संदेष्ट्याचा सर्व संताप याच कारणासाठी आहे की, जखम आत सडत असता वरवर मलमपट्टी करून सर्व कुशल असल्याची ग्वाही देणारे पुरोहित त्याच्या काळीही होते. त्यांच्याकडे कापडी फलक नव्हते, एवढाच फरक. भाषांतरकारांनी शालोमसाठी ‘शांती’ हा शब्द घेतला; दुसरा कोणता घ्यावा हे मलाही सुचत नाही. पण शब्द घेतला तेव्हा त्याच्यासोबत विझलेल्या विस्तवाची राखही आली.

नावेतील वादळाची गोष्ट उपदेशकांना फार प्रिय. गुरू नावेत झोपला आहे, शिष्य घाबरले आहेत, तो उठतो आणि वारा थांबतो. आमच्या पाहुण्यांनीही ती रंगवून सांगितली. याच्या जोडीस गेथशेमाने बागेची रात्र ते कधी ठेवीत नाहीत. तेथे सारे उलट आहे. शिष्य झोपले आहेत आणि गुरू जागा आहे. त्यास घाम फुटला आहे, आणि हा पेला टळावा अशी तो विनवणी करतो आहे. पेला टळत नाही. आता या रात्री शांती कोणाजवळ होती? झोपलेल्यांजवळ, असे व्याख्याते आणि उपदेशक या दोघांनाही म्हणावे लागेल, कारण त्यांच्या व्याख्येत दुसरे उत्तर बसत नाही.

आणि सुखरूपतेचे वचन? ४१० साली गॉथ लोकांनी रोम लुटले तेव्हा, जुने देव सोडले म्हणून हे ओढवले, असा बोभाटा झाला. ऑगस्टीनने ४१३ पासून पुढे सुमारे तेरा वर्षे खपून बावीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने कोठेही, ख्रिस्ताला मानाल तर तट पडणार नाहीत, असे म्हटलेले नाही. ४३० मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याच्या स्वतःच्या हिप्पो नगराला व्हँडलांचा वेढा पडलेला होता.

मी हे इतक्या कडवटपणे का लिहितो, हे वाचकांना सांगणे उचित होईल. २०२१ च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, माझी पत्नी आठ दिवसांत गेली. त्या आधी काही दिवस एका उपदेशकाचे भाषण आमच्या नातलगांमध्ये फोनवरून फिरत होते. पुरता विश्वास ज्याचा आहे त्याला हा रोग शिवणार नाही, असे त्यात ठासून सांगितले होते. ती गेल्यावर हे भाषण मागे राहिले, आणि त्यातून निघणारे अनुमानही. कोणी तोंडावर बोलले नाही. पण एका वृद्ध नातलग बाईंनी हलक्या आवाजात विचारले, “शेवटी तिची श्रद्धा डळमळली होती का रे?” जी बाई पस्तीस वर्षे पहाटे उठून प्रार्थना करीत असे तिच्याविषयी हा प्रश्न! स्वस्त शांती विकणाऱ्याचा माल खोटा निघतो तेव्हा किंमत गिऱ्हाइकाच्या माथी मारली जाते, ती ही अशी. त्यांनी माल खोटा होता असे म्हणायचे नाही. घेणाऱ्याच्या भांड्याला भोक होते म्हणायचे.

मला त्यानंतर शांती मिळाली काय? बरेच महिने मुळीच नाही. देवळात जाऊन मी भिंतीकडे पाहत बसे. त्या काळात मला उपयोगी पडल्या त्या रमाबाईंच्या साक्षीतील आठ वर्षे. त्यांना थांबावे लागले, तर मला दोन-तीन वर्षे लागली म्हणून काय बिघडले, असे वाटे. कबरस्तानात माती लोटणारी जी चार मुले त्या दिवशी पांढऱ्या झग्यात होती त्यांतील एकही ख्रिस्ती नव्हता. पुढे त्यांतील एकाच्या घरी जाणेयेणे झाले, त्याच्या मुलीस मी गणित शिकवू लागलो, अजून शिकवितो. याला शांती म्हणावे की काय ते मला ठाऊक नाही. विस्तव विझलेला नाही एवढे खरे.

या बाजूचा सर्वांत अवघड आक्षेप मात्र व्याख्यात्यांनी काढलाच नाही, म्हणून मीच काढतो. एकाची शांती दुसऱ्याची अशांती होते, त्याचे काय? नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते. पण पूल ओलांडताना पलीकडच्या काठावर बायको उभी होती. लक्ष्मीबाईंना या गोष्टीची कल्पना नव्हती. बातमी कानी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढली सुमारे साडेचार-पाच वर्षे नवराबायको दुरावलेली राहिली. टिळकांच्या अंतःकरणातील समाधानाची किंमत त्या बाईने डोळ्यांवाटे मोजली. ख्रिस्ती लेखक हा प्रसंग सांगताना झटपट १९०० सालावर येतात, जेव्हा लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, आणि शेवट गोड झाला म्हणतात. मला ही घाई आवडत नाही. शेवट गोड झाला म्हणून मधली वर्षे वजा होत नाहीत. टिळकांनी पत्नीला आधी विश्वासात घ्यावयास हवे होते. न घेणे हा अन्याय होता, आणि त्यांच्या कवित्वाने किंवा भक्तीने तो झाकू नये.

परंतु या अन्यायाची हकीकत आपणांस कोणी सांगितली? लक्ष्मीबाईंनीच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध केली, आणि त्यात नवऱ्याचा एकही वेंधळेपणा लपविला नाही. त्याचा तापट स्वभाव, त्याचा उधळेपणा, घरात दमडी नसता भिकाऱ्याला देऊन टाकणे, सारे तेथे आहे. स्वतःचे सोवळेओवळे, ते कसे गळून पडले, जात ही देवाने केलेली नव्हे, माणसाने केलेली आहे, हे एके दिवशी कसे उमगले, तेही आहे. आणि हे सर्व ती हसत हसत सांगते. ते हसू सोसणाऱ्याचे नाही, क्षमा केल्याचा तोरा मिरविणाऱ्याचेही नाही. हिशेब पुरता मांडून, एकही आकडा न खोडता, मग ती हसते. नवऱ्याने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ तिनेच पुढे साठांहून अधिक अध्याय लिहून पुरे केले. देणे फेडून पूर्ण होणे असा जो अर्थ मी मघा सांगितला, त्याचा मराठीतील दाखला मला विचाराल तर मी हे पुस्तक दाखवीन.

आमचे उपदेशक हे पुस्तक सभेत का वाचून दाखवीत नाहीत? कारण त्यात आजार पळत नाहीत, कर्जे आपोआप फिटत नाहीत. जी शांती काही मागत नाही तिला दिएत्रिच बोनहॉफरने १९३७ मध्ये स्वस्त कृपा या नावाखाली झोडपले. त्याच्या देशातील बहुतेक देवळांत तेव्हा फार शांतता होती. सर्व काही सुरळीत चालले होते. वेदीशेजारी सत्तेची निशाणे लटकत होती, आणि शेजारचा यहुदी कोठे गेला हे कोणी विचारीत नव्हते. विचारणारे थोडे होते. बोनहॉफरला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिले. आपल्याकडेही काही जुन्या देवळांत जातीजातींची बाके निराळी होती, कित्येक ठिकाणी दफनभूमीत अजून भिंत आहे, आणि तेथेही दर रविवारी शांतीचाच आशीर्वाद उच्चारला जातो. ही भिंत पाडण्याची भाषा कोणी काढली की मंडळीतील वडीलधारे म्हणतात, “शांतता बिघडवू नका.”

व्याख्यानानंतर चहाच्या वेळी मी व्याख्यात्यांना गाठून रमाबाईंच्या आठ वर्षांविषयी विचारले. ते प्रांजळपणे म्हणाले, “साक्ष मी मूळातून वाचलेली नाही, लक्ष्मीबाईही शाळेत असताना धड्यापुरत्याच वाचल्या.” त्यांच्या प्रांजळपणाबद्दल मला आदर आहे. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन मी ‘स्मृतिचित्रे’ची प्रत काढून घेतली. तिच्यावरील चिठ्ठीत मागील सात वर्षांत एकच तारीख आहे, आणि तीही माझीच. पंधरा दिवसांत परत करीन. व्याख्यात्यांसाठी ती राखून ठेवावी असे मी ग्रंथपालांना सांगून ठेवले आहे, आणि उपदेशकांचा पत्ता मिळाल्यास त्यांच्यासाठीही.